भद्रकालीतला घड्याळवाला आणि रॉसचे गंजलेले स्क्रू

नाशिकमध्ये मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा माणूस शोधत असाल तर भद्रकालीत जा. पाटी घड्याळ दुरुस्तीची आहे, म्हणून पुढून गेलात तरी कळणार नाही. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरच थांबायचं. काउंटरच्या काचेखाली पट्टे, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं, आणि मागच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेले शाळा-कॉलेजांचे मायक्रोस्कोप. नाव-नंबर देत नाही, कारण मालकांनीच नको म्हटलं. "ताई, आहे तेच काम उरकत नाही."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर माझा जुना बायनॉक्युलर, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप, कपाटात पडून होता. भाची डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करतेय, आणि 20 ऑगस्टच्या मच्छर दिनाला तिच्या कॉलेजात मलेरियाच्या स्लाइड दाखवायच्या होत्या. मायक्रोस्कोप काढून बघते तर फाइन फोकसचं चाक हलेना, आणि 100 एक्सच्या लेन्समधून सगळं धुरकट. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, त्यात नवल नाही. एका कंपनीच्या माणसाने फोटो बघूनच "नवीन घ्या" सांगितलं होतं. न उघडता निदान करणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत, पण यंत्राचं असं निदान पहिल्यांदाच ऐकलं.

इथे मात्र मालकांनी आधी उघडलं, मग बोलले. फाइन फोकसमधलं ग्रीस वाळून त्याचा डिंक झाला होता. तो खरवडून, दाते ब्रशने धुऊन, नवं ग्रीस टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच लावलं. लेन्स पेपरची सुरळी, तिच्या टोकाला ईथर आणि अल्कोहोलचं मिश्रण, आणि मधून कडेकडे गोल फिरवत पुसणं. हात घड्याळजीचा, घाई अजिबात नाही. 100 एक्स स्वच्छ झाली. 40 एक्सबद्दल मात्र सरळ सांगितलं, बुरशीने कोटिंग खाल्लंय, ते परत येणार नाही, त्याचे पैसे घेत नाही. दिव्याच्या जागी एलईडी बसवून एकूण 1,750 रुपये. माझ्या मते रास्त.

स्क्रू निघत नव्हता तेव्हा मी त्यांना रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. मलेरिया डासातून पसरतो हे शोधणारा हा लष्करातला डॉक्टर. जन्म अल्मोड्याचा, 13 मे 1857, म्हणजे मेरठला उठाव पेटल्यानंतर तीन दिवसांनी. बाप ब्रिटिश फौजेत. पोराला चित्रकार, लेखक व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकीला घातलं. (हे नाशिकला काही नवीन नाही, कॉलेज रोडच्या कुठल्याही क्लासबाहेर उभं राहून बघा.) 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला, आणि नोकरी सांभाळून कविता, कादंबरी, गणित असं सगळं करत राहिला. वयाच्या चाळिशीपर्यंत त्याला डॉक्टर म्हणून कोणी फारसं ओळखतही नव्हतं.

मग 1897 चा ऑगस्ट, सिकंदराबाद. मलेरियाचा जंतू डासातून जातो, असं लंडनच्या डॉक्टर मॅन्सनने त्याच्या डोक्यात भरवलेलं. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावणाऱ्या डासामागे एक आणा द्यायचा, आणि ते डास फाडून मायक्रोस्कोपखाली बघायचे. पंखा चालवता येईना, कारण फाडलेले डास उडून जातील. डोळ्यांवर चिलटं बसायची. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले, आणि उरलेली एकच आयपीस (डोळ्याजवळची लेन्स), तीही तडकलेली. तरी 20 ऑगस्टला डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी त्याला दिसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला, त्यात त्या मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासात वाढतो.

मालक स्क्रूवरून नजर न काढता म्हणाले, "गंजले म्हणजे त्याने तेल दिलं नसणार." मी म्हटलं, पुढे ऐका, शोध लागल्यावर त्याने कविता लिहिली आणि बायकोला पाठवली. "तेल नाही, पण कविता?" आणि हसले.

ती कविता मी वाचलेली आहे. लाखोंना मारणाऱ्या मृत्यूला उद्देशून तो म्हणतो, तुझं लबाड बी मला सापडलं. खरं सांगायचं तर रॉसच्या बाकीच्या कवितांत मला जीव वाटला नाही, पल्लेदार शब्द फार. या बारा ओळींत मात्र तो साधं बोलतो. ज्याने दिवसभर एका डोळ्याने नळीत बघून मान मोडून घेतलीय, त्याला ते "सापडलं" कळेल. मला कळतं, कारण संध्याकाळच्या शेवटच्या स्लाइडला रिंग फॉर्म, म्हणजे मलेरियाच्या जंतूचं अंगठीसारखं रूप, दिसला की आम्हीही ओरडायचो.

पुढे बढतीऐवजी त्याला राजपुतान्यात खेरवाड्याला पाठवलं. मग 1898 मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर त्याने डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा मार्ग दाखवला. माणसातल्या मलेरियाचं काम इटलीच्या ग्रासी या शास्त्रज्ञाने पुरं केलं, आणि दोघे आयुष्यभर श्रेयावरून भांडले. 1902 चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळत नाहीत. फोन लावला तर "उद्या" ऐकायला मिळतं, आणि त्या उद्याचा काही भरवसा नाही. पावती मागितली तर कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिली, त्यामुळे कॉलेजच्या बिलात लावायची असेल तर आधीच बोला. भर दुपारी गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही, शालिमारला उतरून चालत जा. वॉरंटी म्हणजे त्यांचा शब्द. सगळं धरून पाचांत चार.

प्रदर्शनाला फाल्सिपॅरमच्या, म्हणजे मलेरियाच्या एका जंतूच्या, चंद्रकोरी इतक्या लख्ख दिसल्या की भाची म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळी हे असंच दिसायचं?" हो, आणि दिवसाला शंभर स्लाइड.

नेताना लेन्स काढून वेगळ्या डबीत ठेवा, इमर्शन ऑइल (100 एक्सच्या लेन्सला लावतात ते तेल) पुसून मगच द्या. परत आणल्यावर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा.