ईआरपीतलंच परचेस मॉड्यूल की वरून जोडलेलं वेगळं टूल?

ईआरपी (कंपनीचा हिशोब, स्टॉक, खरेदी एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहेच, आता खरेदी ऑटोमेट करायचीय. मग त्यातलंच परचेस मॉड्यूल नीट बसवायचं की वेगळं प्रोक्युअरमेंट टूल घेऊन जोडायचं? मी दोन्हीवर काम केलंय. फीचर्सची यादी देत बसत नाही, इंडेंट (खरेदीची मागणी), अप्रूव्हल, पीओ (परचेस ऑर्डर) दोन्हीकडे होतंच.

वेगळ्या टूलची स्क्रीन भारी असते हे मान्य. ऑनलाइन शॉपिंगसारखं शोधा, कार्टमध्ये टाका, साहेब मोबाइलवरून अप्रूव्ह करतात, कुणाला ट्रेनिंग द्यावं लागत नाही. पंचआउट (टूलमधूनच व्हेंडरच्या साइटवर जायची सोय) असेल तर व्हेंडरच्याच कॅटलॉगमधून वस्तू थेट इंडेंटमध्ये येते. याउलट एसएपीच्या ईआरपीत एमई५१एन ही इंडेंटची स्क्रीन उघडली की प्लांट, मटेरियल ग्रुप, अकाउंट असाइनमेंट असं सगळं विचारतं, आणि परचेसबाहेरचा माणूस तिथेच हात टेकतो (फिओरी ही एसएपीची नवी स्क्रीन आल्यापासून जरा सुसह्य झालंय, पण जराच).

माझ्यापुरता निकाल लागला तो मात्र जीआरएनवर, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीवर.

समजा पीओ १० बॉक्सचा, एका बॉक्समध्ये १०० नग. गाडी आली ६ बॉक्स घेऊन. स्टोअरवाले नगात मोजतात, त्यांनी ईआरपीत ६०० घेतले. टूलमधल्या पीओवर १० आहेत आणि तिकडून येतायत ६००, त्यामुळे ती एंट्री मध्येच कुठेतरी लटकते. मग व्हेंडरचं ६ बॉक्सचं बिल येतं, टूलच्या हिशोबाने माल आलेलाच नाही, थ्री-वे मॅच (पीओ, आलेला माल आणि बिल यांची जुळणी) फेल, बिल होल्डवर. अकाउंट्स म्हणतं परचेसला विचारा, परचेस म्हणतं स्टोअरला विचारा, स्टोअर म्हणतं आमची एंट्री झालीय, आयटी म्हणतं इंटरफेस तर चालू दिसतोय, आणि व्हेंडर पेमेंटसाठी फोन मला करतो! हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण पार्ट डिलिव्हरी आली की काहीतरी अडकायचंच. त्यात मध्येच रेट बदलून पीओ अमेंड केला असेल तर विचारूच नका.

ईआरपीच्या मॉड्यूलमध्येही बिलं ब्लॉक होतात, नाही असं नाही. पण बॉक्स-नगाचं कन्व्हर्जन मटेरियल मास्टरमध्ये (वस्तूच्या मूळ नोंदीत) एकदाच भरलेलं असतं, उरलेले ४ बॉक्स पीओवर ओपन दिसतात, आणि बिल अडलंच तर क्वांटिटीमुळे की रेटमुळे ते तिथेच कळतं. दुरुस्त करा, एमआरबीआर या एसएपीच्या स्क्रीनमधून सोडा. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपीमध्येही मटेरियल रिक्वेस्टपासून (तिथला इंडेंट) बिलापर्यंत सगळं एकाच डेटाबेसमध्ये आहे, सिंकची भानगड नाही.

'इंटिग्रेशन रेडीमेड आहे' हे वाक्य जरा जपून ऐका. अरिबा (असंच एक खरेदीचं टूल) एसएपीने २०१२ मध्येच विकत घेतली, तरी ती एसएपीच्या ईआरपीला जोडायचं काम आजही वेगळं करावंच लागतं.

अर्थात खरेदी मुख्यतः सर्व्हिसेस, लॅपटॉप, स्टेशनरीची असेल किंवा ग्रुपमधल्या प्रत्येक कंपनीचं ईआरपी वेगळं असेल, तर वेगळं टूल बहुतेक जास्त सोयीचं पडेल, तिथे मी हट्ट धरणार नाही. पण माल स्टोअरमध्ये येत असेल आणि तोही तुकड्यातुकड्यात, तर मी तरी मॉड्यूलच घेईन आणि वाचलेला पैसा इंडेंटची स्क्रीन सोपी करून घेण्यात घालीन.

तरीही टूलकडेच ओढा असेल तर डेमोत अर्धी डिलिव्हरी, वेगळं युनिट, अमेंड केलेला पीओ आणि त्यावरचं बिल हे सगळं ओळीने आपल्यासमोर करून दाखवायला सांगा. 'हे कॉन्फिगर करता येईल' असं उत्तर आलं तर ते कोण करणार आणि कुणाच्या खर्चाने, हे तिथेच लिहून घ्या.