आंतरराष्ट्रीय कायदा: आधी निकाल की आधी लेख?

सांगलीत राहून एलएलएमच्या प्रबंधाला आंतरराष्ट्रीय कायदा घेतलात, की लगेच प्रश्न येतो: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल मुळातून वाचायचे, की नियतकालिकांतले लेख धरून चालायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. टाकाऊ दोन्हींतलं काहीच नाही.

निकालात जे येत नाही ते लेखांत सापडतं. वसाहतींच्या काळात हा कायदा कुणाच्या सोयीनं घडला, हा तिसऱ्या जगाच्या नजरेतून या कायद्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकांचा, म्हणजे ट्वेलवाल्यांचा (TWAIL) प्रश्न न्यायालय आपणहून काढत बसत नाही. सिंधू करार भारतानं एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला. करारांच्या कायद्यात अशी स्थगिती बसते का, यावरची दोन्ही बाजूंची मांडणी वाचायला लेखांकडेच जावं लागतं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. लेख पहिल्यापासून सुरूच होत नाही. तो असतो कुणाच्या तरी उत्तराला दिलेलं उत्तर. भावकीच्या वाटणीचा दावा तिसऱ्या पिढीत हाती यावा तसं होतं; कोण कुणावर का खवळलंय ते उमगेपर्यंत तळटिपांनी अर्धं पान खाल्लेलं असतं. बरं, ज्याला उत्तर दिलंय तो मूळ लेख उघडायला जावं, तर पैसे भरा. (कॉलेजनं वर्गणी भरली असेल तर एवढी एक कुरकुर सोडून द्या.)

निकाल संकेतस्थळावर फुकट, आणि हकीकत मुळापासून. युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या धरणांचा १९९७ चा निकाल घ्या. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाचा १९७७ चा करार, पर्यावरणाचं कारण देऊन हंगेरीनं सोडलेलं काम, मग चेकोस्लोव्हाकियानं परस्पर वळवलेलं पाणी. न्यायालयानं चूक दोन्ही बाजूंच्या पदरात घातली. कृष्णेचा तंटा राज्याराज्यांतला, त्याचा कायदा निराळा. पण अलमट्टीच्या फुगवट्यावर वाद घालत वाढलेल्या माणसाला यातलं फारसं समजावून सांगावं लागत नाही. त्याच प्रकरणातलं न्यायमूर्ती वीरमंत्री यांचं स्वतंत्र मत तर चुकवूच नका. शाश्वत विकासाची कल्पना जुनीच आहे, हे दाखवायला ते थेट श्रीलंकेच्या प्राचीन तलावांपर्यंत जातात. इतका ऐवज एका लेखात मला तरी क्वचितच मिळाला.

अर्थात, निकालही रटाळ असतात. कार्यपद्धतीची पानं पहिल्या वाचनात खुशाल उलटा. डॅन्यूब झालं की हवामानबदलावरचं जुलै २०२५ चं सल्लागार मत घ्या, आणि त्यानंतरच त्यावरचे लेख.