व्हॉइसथ्रेड: गप्प बसणाऱ्या वर्गासाठी

नवख्यांच्या जर्मन वर्गात मी बरीच व्हिडिओ साधनं वापरून पाहिली. बहुतेकांत विद्यार्थी पाहतात, पर्यायांवर टिचक्या मारतात आणि तोंड मिटून बसतात. व्हॉइसथ्रेड हे चित्र किंवा क्लिपभोवती आवाजी उत्तरं जमवणारं ऑनलाइन साधन २००७ पासूनचं, दिसायलाही जरा जुनाट. पण बोलतं करायचं काम तेच नीट करतं. टाइप करूनही उत्तर देता येतं त्यात, मी ते चालवून घेत नाही.

मी एखादं चित्र किंवा छोटी क्लिप टाकते, प्रश्न विचारते, आणि विद्यार्थी त्याच्याभोवती आपापला आवाज नोंदवतात. बोलता बोलता चित्रावर रेघोट्याही ओढता येतात, ऐकताना त्या आवाजाबरोबरच उमटतात. खरी गंमत इथंच आहे. एका खोलीचं चित्र दिलं होतं. एक विद्यार्थिनी ‘डी काट्सं इस्ट...’ (मांजर आहे...) म्हणाली, मांजराभोवती गोल काढला आणि अडली. तोच गोल गिरवत राहिली. मग एकदम ‘उंटर डेम टिश!’ (टेबलाखाली!) आणि टेबलाखाली एक जोरदार रेघ. वर्गात असती तर तेवढ्यात शेजाऱ्यानं उत्तर पुरवलं असतं.

उत्तरं झाकून ठेवायची सोयही कामाची. मी खुली करेपर्यंत एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे हुशार विद्यार्थ्याची री ओढता येत नाही.

मात्र पुन्हा रेकॉर्ड करता येतं म्हणून काही जण चक्क लिहून वाचतात. सपाट सूर, ओळ संपली की श्वास, लगेच ओळखू येतं! त्याहून मोठी अडचण म्हणजे हे संभाषण नव्हेच. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या २००१ च्या युरोपीय चौकटीत एकट्यानं बोलणं आणि समोरच्याशी बोलणं ही कौशल्यं वेगळी धरली आहेत, ती उगीच नाही. ए-वन या अगदी सुरुवातीच्या पातळीवर समोरचा तेच पुन्हा, सावकाश सांगायला तयार असेल असं गृहीत असतं. रेकॉर्डिंगला ‘काय म्हणालात?’ कसं विचारणार?

म्हणून माझ्याकडे प्रत्येकानं शेवटी ‘वो इस्ट...’ (कुठे आहे...) असा एक प्रश्न सोडायचा, दुसऱ्या कुणीतरी त्यालाच उत्तर द्यायचं, आणि पुढच्या तासाला तेच चित्र छापून जोडीजोडीनं बोलायचं, स्क्रीन बंद. लाजरे विद्यार्थी त्या तासाला तोंड उघडतात, कारण वाक्य आधी एकदा जिभेवरून गेलेलं असतं.

ज्यांचा वर्ग मुळातच बडबडा आहे त्यांनी या फंदात पडू नये. जोड्या लावा आणि मोकळे व्हा.