एका दिवसात प्राग: किल्ल्यापासून खाली उतरत या

प्राग एका दिवसात बघून होतं का? किल्ला, चार्ल्स पूल आणि जुना चौक एवढं धरलं तर होतं, आणि मनासारखं होतं. फक्त सुरुवात वरून करायला हवी. बहुतेक जण सकाळ चौकात घालवतात, मग पूल ओलांडून नेरुदोव्हा रस्त्याची चढण चढतात आणि ऐन गर्दीच्या वेळी किल्ल्याच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागतात. पाय तिथेच बोलायला लागतात.

२२ नंबरची ट्राम तुम्हाला थेट वर नेते. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरलात की किल्ल्याचं उत्तरेचं दार जवळच आहे आणि वाट जवळपास सपाट. २४ तासांचं तिकीट घ्या, मेट्रो-ट्राम-बस सगळ्यांत चालतं. कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. २४ तास शिक्क्यापासून मोजतात. शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासाला. तो राहिला तर खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात. या ट्राममध्ये पाकीटमारही फिरतात, तेव्हा पाठीवरची बॅग पुढे घ्या.

किल्ल्याचं आवार पहाटे ६ ला उघडतं, तिकिटाच्या इमारती ९ ला. ९ च्या ठोक्याला सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या दाराशी असाल तर आतली शांतता मिळते. रविवारी सकाळी मात्र प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारीच आत सोडतात. त्यामुळे हा बेत रविवारी आखू नका. १३४४ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ मध्ये पूर्ण झालं. डाव्या हाताचं तिसरं चॅपेल गाठा: तिथे चेक चित्रकार अल्फॉन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे. कडांना थंड निळा-हिरवा, मध्याकडे सरकत उबदार सोनेरी-लाल. जवळून नुसते रंग दिसतात, चार पावलं मागे सरकलं की माणसं दिसू लागतात.

मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन येतात. कॅथेड्रलच्या मनोऱ्याचं तिकीट वेगळं आणि पायऱ्या २८७. एका दिवसाच्या फेरीत तो सोडलेला बरा. जुना राजवाडा मात्र चुकवू नका. १६१८ मध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना ज्या खोलीच्या खिडकीतून खाली फेकलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं, ती खोली इथेच आहे. शेवटी गोल्डन लेन, चिमुकल्या घरांची गल्ली. तिथल्या २२ नंबरच्या निळ्या घरात लेखक काफ्का काही काळ लिहायला बसत असे.

गोल्डन लेनवरून पूर्वेच्या दाराने बाहेर पडा आणि जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्का मेट्रो स्थानकाकडे उतरा. तिथून जवळच वालेनस्टाइन बाग आहे. उन्हाळ्यात फुकट, मोर फिरत असतात, बसायला बाकं आहेत. दुपारचा डबा इथे खावा.

चार्ल्स पुलाचं काम १३५७ मध्ये सुरू झालं. लांबी ५१६ मीटर, दुतर्फा ३० पुतळे, त्यातले बहुतेक आता प्रतिकृती. दुपारी इथे मुंगीच्या पावलांनी चालावं लागतं. पूल नीट बघायचाच असेल तर सूर्योदयाला या, नाहीतर दुपारी नुसता ओलांडा.

पूल ओलांडून जुन्या चौकात आलात की पैशांची काळजी घ्या. 'कमिशन शून्य' लिहिलेल्या पैसे बदलण्याच्या दुकानांत दर वाईट असू शकतो. पैसे देण्याआधी हातात किती कोरुना (चेक चलन) पडणार ते विचारा. फसलात तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पावती जपा. कार्डाच्या यंत्राने रुपये की कोरुना असं विचारलं तर कोरुनाच निवडा. स्टॉलवरच्या भाजलेल्या हॅमचा भाव १०० ग्रॅमचा असतो, ताटात मात्र बरंच जास्त पडतं. शाकाहारींना 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज, बहुतेक ठिकाणी मिळतं.

आता याच चौकातलं जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ. १४१० चं हे यंत्र सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला येशूच्या प्रेषितांच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवतं. ती जेमतेम मिनिटभराची, आणि कोंबडा आरवला की गर्दी पांगते. खरं बघणं तेव्हा सुरू करा. तबकडीवरचा निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा. सोनेरी हाताचा काटा रोमन आकड्यांवर आजची वेळ दाखवतो आणि बाहेरच्या कड्यावर जुनी चेक वेळ. त्या मोजणीत सूर्यास्ताला २४ तास पुरे होतात. राशीचक्राच्या कड्यावर सोन्याचा सूर्य सरकतो, शेजारी अर्धा चंदेरी, अर्धा काळा चंद्राचा गोळा फिरत कला दाखवतो. आपल्या पंचांगाशी ताडून बघाल तर सूर्य सुमारे २४ अंश पुढे दिसेल, कारण इथल्या राशी सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) आहेत, पंचांगातल्या निरयन (ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या). चंद्राची कला मात्र बरोबर तिथीशी जुळते.