दारू सोडताना: घरी की दाखल होऊन?
रोज भरपूर पिणाऱ्याने दारू थांबवली की शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात. फिट येण्याचा धोका बहुतेक पहिल्या ४८ तासांत, भास-भ्रमाचा त्यानंतर. आधी कधी फिट आली असेल, तर घरी दारू सोडण्याचा विषयच नको.

तब्येत बरी, सोबतीला न पिणारं माणूस आणि रोजची तपासणी असेल तर घरी जमतं. क्लोरडायझेपॉक्साइड (थरथर आणि फिट आवरणारी गोळी) डॉक्टर ५ ते ७ दिवसांत कमी करत नेतात. गोळ्या मात्र सोबतच्या माणसाकडेच. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

वॉर्डात नाडी, बीपी, थरथर बघून डोस बदलतो. यकृत खराब असेल तर त्याऐवजी त्याच गटातलं लोराझेपाम. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी१) इंजेक्शन हवंच. घाईत नेमकं हेच राहतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.