उमरचा टंका घ्यावा की खुसरोचा?

अलाउद्दीन खल्जी जानेवारी १३१६ मध्ये वारला आणि सप्टेंबर १३२० मध्ये दिल्लीचे तख्त तुघलकांकडे गेले. या पावणेपाच वर्षांत दोघा सुलतानांची कारकीर्द इतकी अल्प ठरली की त्यांची नाणी आज क्वचितच विक्रीला येतात. शिहाबुद्दीन उमर तख्तावर जेमतेम तीन महिने होता आणि नासिरुद्दीन खुसरो शाह दोनच. चांदीचा टंका, साधारण ११ ग्रॅमचा, आणि कमी चांदीची किरकोळ मिश्रधातूची नाणी दोघांच्याही नावाने पाडली गेली.

निवड करताना केवळ सालावर विसंबू नये. हिजरी ७१५ हे अलाउद्दीनचेही साल आहे आणि उमरचेही. हिजरी ७२० तर अलाउद्दीनचा मुलगा मुबारक, खुसरो आणि गियासुद्दीन तुघलक या तिघांत वाटले गेले आहे. त्यातच टंक्यावर साल अरबी शब्दांत कडेने लिहिलेले असते आणि ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे ती कड बहुधा नाण्यावर उतरतच नाही. म्हणून भिंगाखाली मधले नाव वाचावे. ‘उमर’ म्हणजे ऐन, मीम, रे ही तीनच अक्षरे, त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर नको तिथे उमर दिसू लागतो; सोबत ‘शिहाब’ स्पष्ट नसेल तर नाणे परत करावे. ‘खुसरो’मधल्या सीन या अक्षराचे दात लहान नाण्यावर बुजतात, पण अक्षरे जास्त असल्याने ओळख अधिक भरवशाची. मात्र ‘नासिर’ एवढ्यावर जाऊ नये, कारण तो किताब आधीच्या सुलतान नासिरुद्दीन महमूदचाही आहे.

इतिहासाच्या दृष्टीने खुसरोची कहाणी अधिक नाट्यमय आहे. त्याने सैन्याला अडीच वर्षांचा पगार आगाऊ वाटल्याचे तेव्हाचा इतिहासकार बरनी लिहितो. तरीही मराठी संग्राहकाने उमरकडे वळावे असे माझे मत आहे. अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याने गादीवर बसवलेला हा पाच-सहा वर्षांचा मुलगा देवगिरीच्या रामदेवराय यादवाचा नातू, लेकीचा मुलगा, असे चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी याने नोंदवले आहे. नाव शंकास्पद असलेल्या उमरपेक्षा मात्र स्वच्छ वाचता येणारा खुसरो केव्हाही बरा, आणि दोन्ही आवाक्याबाहेर असतील तर मुबारकची चौकोनी नाणी पाहावीत. खलिफाचा मान सोडून त्याने स्वतःलाच खलिफा म्हणवून घेतले ते त्यांवर वाचता येते.

परदेशातल्या नातलगासाठी येथे घेऊन पाठवण्याचा बेत असेल तर तो सोडावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.