पिनाटुबोचा गंधक आणि विमानातली फवारणी

ऑक्टोबर हीटमध्ये लोकलमधून घामाघूम उतरल्यावर ‘सूर्य थोडा झाकता आला तर!’ असं कुणालाही वाटेल. निसर्गाने ते करून दाखवलंय. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. सुमारे १.५ कोटी टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) गेला, त्यातून बनलेले बारीक थेंब ऊन परतवत राहिले आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास ०.५ अंशाने उतरलं. दोनेक वर्षांत थेंब खाली बसले, विषय संपला.

तापमानवाढीवर उपाय म्हणून विमानातून गंधक फवारायची कल्पना यावरच उभी आहे. पण फवारणी दशकानुदशकं चालू ठेवावी लागेल, कारण कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो. ती अचानक बंद पडली, तर दडपलेली उष्णता काही वर्षांतच उसळेल. ओझोन थराचं नुकसान मात्र दोन्हीकडे, ज्वालामुखीतही आणि फवारणीतही.

मला खरी धास्ती पावसाची वाटते. पिनाटुबोनंतर जगभरात जमिनीवरचा पाऊस घटला होता. जमीन समुद्रापेक्षा जास्त थंडावली की मान्सूनचा जोर ओसरतो, आणि भातसा, तानसा, वैतरणा भरले तरच मुंबईच्या नळाला पाणी. ज्वालामुखीला जाब विचारता येत नाही. फवारणीचा निर्णय मात्र कुणीतरी घेणार, आणि त्यात शहापूरच्या भातशेतकऱ्यालाही मत हवं.